युरोव्हिजनसाठी देश आपलं गाणं कसं निवडतो, आणि लोकांचं लाडकं गाणं कधी कधी मागे का राहतं

युरोव्हिजन ही दर मे महिन्यात होणारी, मुख्यतः युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा; प्रत्येक देश एक गाणं पाठवतो. प्रश्न थोडक्यात असा आहे. युरोव्हिजनसाठी काही देश प्रेक्षकांची मतं घेतात, तर काही देशांत सगळं बंद खोलीत ठरतं. २०२२ मध्ये स्पेनमध्ये टेलिव्होटमध्ये, म्हणजे प्रेक्षकांनी फोनवरून दिलेल्या मतांत, मैलभर पुढे असलेला गट मागे राहिला आणि वेगळीच गायिका गेली. मग मतदान हा देखावा असतो का? यात सरकारचा हात असतो का? आणि एखाद्या देशाला पद्धत नव्यानं बसवायची असेल तर त्यानं काय करावं?

सरकारचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो लवकर संपतो. युरोव्हिजनमध्ये कागदोपत्री भाग घेतो तो त्या देशातला प्रसारक. स्पर्धा भरवते युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे ईबीयू. तिची सभासद असलेली वाहिनी नाव नोंदवते, सहभागाची फी भरते आणि गाणं पाठवते. स्वीडनमध्ये ही वाहिनी एसव्हीटी, इटलीत राई, स्पेनमध्ये आरटीव्हीई, ब्रिटनमध्ये बीबीसी. २०१६ मध्ये रोमानियाचा गायक रीतसर निवडून आला होता, तरी तिथल्या वाहिनीनं ईबीयूची थकबाकी भरली नाही म्हणून स्पर्धेच्या काही आठवडे आधी देश बाहेर गेला. या वाहिन्या बहुधा सार्वजनिक पैशांवर चालतात, त्यामुळे राजकीय दबाव येऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. पण सही वाहिनीची असते आणि जबाबदारीही तिचीच.

गाणं कसं निवडायचं, याची सक्ती ईबीयू करत नाही. गाणं आणि सादरीकरण कसं असावं याचे नियम मात्र काटेकोर आहेत. लांबी जास्तीत जास्त तीन मिनिटं. मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत. मुख्य गायन प्रत्यक्ष, वाद्यं सगळी ध्वनिमुद्रित. मागचे आवाज २०२१ पासून ध्वनिमुद्रित चालतात. गायकाचं वय किमान सोळा. गाणं आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरच्या आधी बाजारात आलेलं नको. राजकीय संदेश नको. भाषा १९९९ पासून मोकळी आहे. आणि सगळं साहित्य मार्चच्या मध्यापर्यंत ईबीयूकडे पोचलं पाहिजे. शेवटच्या अटीमुळेच बहुतेक देशांच्या निवडफेऱ्या जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत उरकतात.

आता खरी अडचण. निवडफेरीवर दोन कामांचं ओझं असतं. एक, फेब्रुवारीतल्या शनिवारी रात्री आपल्या देशातल्या लोकांना टीव्हीसमोर बसवणं. दोन, मे महिन्यात परक्या देशांतल्या लोकांकडून गुण मिळवणारं गाणं शोधणं. या दोन्ही कामांना एकच गाणं योग्य ठरेल असं नाही. युरोव्हिजनमध्ये स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. म्हणजे ज्या लोकांनी फेब्रुवारीत फोन करून गाणं निवडलं, नेमक्या त्याच लोकांचं मत मे महिन्यात मोजलं जात नाही. घरच्या प्रेक्षकाला त्या गायकाची मागची दहा वर्षं माहीत असतात, एखादी मालिका आठवते, बोलीभाषेतली गंमत कळते. परदेशातला प्रेक्षक तीन मिनिटं बघतो आणि पुढच्या गाण्याकडे वळतो. देशात लोकप्रिय असलेल्या कलाकाराला मिळणारी मतं त्या गाण्याला किती आणि त्याच्या नावाला किती, हे आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. काही देश आपल्याच निवडफेरीत परदेशी ज्युरी, म्हणजे संगीत जाणकारांचं परीक्षक मंडळ, बसवतात ते यासाठी.

दुसरी गोष्ट गुणांच्या रचनेची. मे महिन्याच्या स्पर्धेत प्रत्येक देशाची ज्युरी आणि प्रत्येक देशाचे प्रेक्षक स्वतंत्रपणे आपापल्या पहिल्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि मग ७ पासून १ पर्यंत गुण देतात. अकराव्या क्रमांकाला शून्य. म्हणून जे गाणं सगळ्यांना ‘बरं’ वाटतं आणि कुणालाच फार आवडत नाही, ते सगळीकडे अकरावं-बारावं येऊन रिकाम्या हातानं परतू शकतं. २०२१ मध्ये ब्रिटनला ज्युरींकडून शून्य आणि प्रेक्षकांकडूनही शून्य मिळालं. याचा अर्थ सगळ्या युरोपला ते गाणं सर्वांत वाईट वाटलं असा होत नाही. ते कुणाच्याच पहिल्या दहांत बसलं नाही, एवढाच होतो. निवड समितीत बसलेली माणसं साहजिकच कुणाचाच विरोध नसलेल्या गाण्याकडे झुकतात. या स्पर्धेत तोच झुकाव महाग पडतो. मी निवडयाद्यांच्या सरासरीकडे दुय्यम म्हणून बघतो. आधी बघतो की किती जणांनी हे गाणं पहिलं किंवा दुसरं ठेवलंय.

पद्धतींकडे येऊ. ढोबळमानानं तीन प्रकार दिसतात, आणि त्यांच्या मिसळी अनेक.

पहिला प्रकार खुल्या निवडफेरीचा. स्वीडनचं मेलोडीफेस्टिव्हालेन हे त्याचं सर्वांत मोठं रूप. दरवर्षी दोन हजारांहून अधिक गाणी येतात, त्यांतून तीसच्या आसपास निवडली जातात, आणि २००२ पासून प्राथमिक फेऱ्या आठवड्याला एक अशा वेगवेगळ्या शहरांत होतात. त्या देशात हा स्वतःच एक सण झालाय. युरोव्हिजन नसतं तरी तो चालला असता. फिनलंडच्या यूएमके या फेरीत ७५% वजन प्रेक्षकांच्या मतांना आणि २५% परदेशी ज्युरींना असतं. पोर्तुगालची फेरी १९६४ पासून चालू आहे, आणि तिच्यातूनच २०१७ मध्ये साल्व्हादोर सोब्राल पुढे गेला. पोर्तुगीजमध्ये गाऊन तो ७५८ गुणांनी जिंकला. ‘जिंकायला इंग्रजी लागतं’ असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

दुसरा प्रकार अंतर्गत निवडीचा: प्रसारक कलाकार आणि गाणं स्वतः ठरवतो. नेदरलँड्स हा देश २००५ ते २०१२ सलग आठ वर्षं अंतिम फेरीत पोचला नव्हता. २०१३ मध्ये त्यांनी अनूक या आधीच प्रस्थापित असलेल्या गायिकेला थेट पाठवलं. ती नववी आली, पुढच्या वर्षी त्यांचा दुसरा क्रमांक आला आणि २०१९ मध्ये डंकन लॉरेन्स जिंकला. यामागचं कारण अगदी व्यावहारिक आहे. नाव कमावलेला कलाकार राष्ट्रीय फेरीत हरण्याचा धोका पत्करत नाही. त्याला सांगितलं की स्पर्धा नाही, थेट मेमध्ये जायचंय, तर तो निदान विचार करतो.

स्वित्झर्लंडनं यात एक पायरी वाढवली, आणि मला ती फार मोलाची वाटते. २०१५ ते २०१८ अशी चार वर्षं त्यांची गाणी उपांत्य फेरीतच अडकली. २०१९ पासून त्यांनी टीव्हीवरची निवडफेरी बंद करून दोन गट नेमले. एका गटात देशातले शंभर सामान्य प्रेक्षक, दुसऱ्यात वीस-पंचवीस परदेशी संगीत जाणकार, ज्यांनी आपापल्या देशांच्या ज्युरीत काम केलेलं आहे. म्हणजे मे महिन्यात मतं देणाऱ्या लोकांची छोटी प्रतिकृतीच बनवली. पहिल्याच वर्षी चौथा क्रमांक, २०२१ मध्ये तिसरा, २०२४ मध्ये नेमो या कलाकाराचा विजय ५९१ गुणांनी. पण मधली दोन वर्षंही बघा: २०२२ मध्ये सतरावा आणि २०२३ मध्ये विसावा. पद्धत तीच, माणसं जवळपास तशीच, निकाल मात्र वेगळा. ब्रिटनचंही तसंच. अंतर्गत निवडीतूनच २०२१ चं शून्य आलं आणि अंतर्गत निवडीतूनच २०२२ मध्ये सॅम रायडर ४६६ गुणांनी दुसरा आला. पद्धत वाईट गाण्याची शक्यता कमी करते. चांगलं गाणं ती निर्माण करू शकत नाही. ते त्या वर्षी कुणीतरी लिहावंच लागतं.

तिसरा प्रकार म्हणजे आधीपासूनच असलेल्या दुसऱ्या कशाला तरी युरोव्हिजन जोडणं. इटलीचा सानरेमो हा गाण्यांचा महोत्सव १९५१ पासूनचा, म्हणजे युरोव्हिजनपेक्षाही जुना. तिथे विजेत्याला जायचा पहिला हक्क असतो, सक्ती नसते. २०२५ चा विजेता ओली यानं नकार दिला, म्हणून दुसरा आलेला लुचो कोर्सी गेला आणि बाझेलमधल्या युरोव्हिजनमध्ये पाचवा आला. सानरेमोचा एक मोठा फायदा सहसा लक्षात घेतला जात नाही. कलाकार पाच रात्रींच्या त्या महोत्सवात तेच गाणं प्रत्यक्ष वाद्यवृंदाबरोबर पुन्हा पुन्हा गातो. युरोव्हिजनमध्ये ज्युरी आदल्या रात्रीच्या पूर्ण तालमीवर गुण देते आणि प्रेक्षक दुसऱ्या रात्री, त्यामुळे एकदाच छान गाणारा माणूस पुरत नाही. तोटा असा की सानरेमोची गाणी तीन मिनिटांहून लांब असू शकतात. २०२१ मध्ये इटलीच्या मानेस्किन या बँडला आपलं गाणं कापावं लागलं आणि त्यातल्या शिव्याही बदलाव्या लागल्या. तरी ते जिंकले, ५२४ गुणांनी.

गायनाच्या रिअॅलिटी शोमधून आधी गायक निवडायचा आणि मग त्याला गाणं शोधायचं, हाही एक उपप्रकार आहे. जर्मनीची लेना २०१० मध्ये याच वाटेनं गेली आणि जिंकली. माझं मत मात्र या वाटेच्या विरुद्ध आहे. अशा शोमध्ये लोक दुसऱ्यांची गाजलेली गाणी गाणारा आवाज निवडतात. मग घाईघाईत शोधलेलं नवीन गाणं त्या आवाजाला बसलं तर नशीब.

आता स्पेन. हा भाग सावकाश वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

२०२२ च्या बेनिडॉर्म फेस्ट या स्पेनच्या निवडफेरीत निम्मं वजन व्यावसायिक ज्युरीला होतं, पाव टेलिव्होटला आणि पाव ‘डेमोस्कोपिक’ ज्युरीला. डेमोस्कोपिक म्हणजे लोकसंख्येचा नमुना म्हणून निवडलेले सामान्य प्रेक्षक. टेलिव्होटमध्ये तान्शुगेइरास या गटाला सुमारे ७१% मतं मिळाली, रिगोबेर्ता बांदिनी या गायिकेला सुमारे १८% आणि शेवटी युरोव्हिजनला गेलेल्या शनेल या गायिकेला जेमतेम ४%. तरीही शेवटचे गुण होते शनेल ९६, रिगोबेर्ता ९१, तान्शुगेइरास ९०.

हे झालं कसं? टेलिव्होटच्या टक्केवारीचं रूपांतर क्रमांकाच्या गुणांत होत होतं: पहिल्याला ३०, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला २०. एकाहत्तर टक्के आणि चार टक्के यांच्यातली दरी दहा गुणांची झाली. डेमोस्कोपिक ज्युरीतही तान्शुगेइरास पहिले होते, ३० गुण, शनेलला २५. तिथे पाच गुणांचा फरक. म्हणजे लोकांच्या दोन्ही गटांत मिळून त्यांना पंधरा गुणांची आघाडी होती. व्यावसायिक ज्युरीनं मात्र शनेलला ५१ आणि तान्शुगेइरासना ३० दिले, एकवीस गुणांचा फरक. पंधरा वजा एकवीस. सहा गुणांनी निकाल फिरला.

यात कुणी मतं चोरली नव्हती. नियम आधीपासून जाहीर होता. पण ‘निम्मं-निम्मं’ हे शब्द ऐकून लोकांनी जे समजून घेतलं आणि गणितानं जे केलं, त्यांत अंतर होतं. कागदावर लिहिलेलं वजन आणि प्रत्यक्षातलं वजन एकच नसतं. ज्या गटाच्या गुणांमध्ये पहिला आणि शेवटचा यांच्यातलं अंतर मोठं, त्या गटाचं खरं वजन जास्त. दुसऱ्या गटानं कितीही ठामपणे सांगितलं तरी त्याच्याकडे द्यायला फरकच कमी असेल तर तो हरतो.

एक छोटं गणित करून बघा. दहा गाणी आहेत आणि प्रेक्षकांच्या वाट्याला एकूण ५८ गुण आहेत (१२ अधिक १० अधिक ८, मग ७ पासून १ पर्यंत; बेरीज ५८). एका गाण्याला ६०% मतं पडली. क्रमांकपद्धतीनं त्याला १२ गुण मिळतील, म्हणजे एकूण गुणांच्या जेमतेम २१%. प्रमाणपद्धतीनं, म्हणजे मतांच्या टक्केवारीच्या प्रमाणात गुण दिले तर, त्याला जवळपास ३५ मिळाले असते. उलट चौथ्या आलेल्या, ४% मतांच्या गाण्याला क्रमांकपद्धत ७ गुण देते आणि प्रमाणपद्धत दोनच्या आसपास.

मग सगळीकडे प्रमाणपद्धतच लावावी का? नाही, कारण ती दुसऱ्या बाजूला मोडते. स्वीडननं २०१५ मध्ये ॲपवरून फुकट मतं द्यायची सोय केली. एकच माणूस अनेक गाण्यांना मतं देऊ लागला, ती जवळपास सारखी वाटली गेली आणि पहिल्या-शेवटच्या गाण्यांच्या टक्केवारीत फारसा फरक उरेना. टक्केवारीच्या प्रमाणात गुण वाटल्यावर प्रेक्षकांचा भाग सपाट झाला आणि निकाल परदेशी ज्युरींच्या हाती गेला. वजन मात्र कागदावर निम्मंच होतं. म्हणून २०१९ पासून तिथे ॲपची मतं सात वयोगटांत विभागली जातात आणि फोनवरच्या मतांचा आठवा गट असतो. प्रत्येक गट ज्युरीसारखे १२, १०, ८ असे गुण देतो. एखादं गाणं लहान मुलांत पहिलं आणि साठीच्या पुढे शेवटचं, हे आता स्पष्ट दिसतं आणि गुणांतला फरकही परत आला.

थोडक्यात, मत पैसे मोजून द्यायचं आणि माणूस एकाच गाण्यावर मतं ओततो अशी व्यवस्था असेल तर क्रमांकपद्धत लोकांचा आवाज दाबते. मत फुकट आणि सगळ्यांना थोडं थोडं वाटलं जात असेल तर प्रमाणपद्धत तो आवाज पुसट करते. कुठलीही पद्धत घेण्याआधी मागच्या दोन-तीन वर्षांचे मतांचे आकडे घेऊन दोन्ही रीतींनी निकाल काढून बघावा. कागदावरचं हे काम एका दुपारचं आहे, आणि ते न केल्यामुळे पुढे महिनाभर वाद चालतो.

राहता राहिला प्रश्न, स्पेनची निवड चुकली का? शनेल मेमध्ये तिसरी आली, ४५९ गुणांनी. १९९५ नंतरची स्पेनची ती सर्वोत्तम कामगिरी. व्यावसायिक ज्युरीला जे दिसलं ते युरोपलाही दिसलं, इतकं म्हणता येईल. तान्शुगेइरास गेल्या असत्या तर काय झालं असतं ते त्यातून कळत नाही, कारण ते कुणी बघितलेलंच नाही. आणि प्रेक्षकांना जास्त वजन दिलं की निकाल बिघडतोच, असंही नाही. फिनलंडनं ७५% वजन लोकांना देऊन २०२३ मध्ये कारिया हा गायक निवडला. युरोव्हिजनच्या टेलिव्होटमध्ये तो ३७६ गुणांनी पहिला आला. ज्युरींनी त्याला १५० दिले आणि स्वीडनच्या लोरीनला ३४०, म्हणून एकूण बेरजेत तो ५२६ गुणांसह दुसरा राहिला, लोरीन ५८३ वर. देशातल्या लोकांनी निवडलेलं गाणं बाहेरच्या लोकांना आवडलं, बाहेरच्या ज्युरीला तितकं नाही. तुम्हाला कुणाचे गुण हवेत यावर तुमच्या निवडफेरीत कुणाला किती वजन द्यायचं ते ठरतं.

गाणं निवडल्यावर काय काय बिघडतं, हे निवडीच्या चर्चेत कुणी काढत नाही. खरं तर बहुतेक अपघात तिथेच होतात.

सगळ्यात वारंवार घडणारा प्रकार: जिंकलेला कलाकार जात नाही. २०१५ मध्ये जर्मनीत आंद्रेयास क्युमर्ट जिंकला आणि थेट प्रक्षेपणातच त्यानं जागा सोडली. दुसरी आलेली आन सोफी गेली आणि तिला मेमध्ये शून्य गुण मिळाले. २०१९ मध्ये युक्रेनच्या फेरीत मारुव जिंकली, पण प्रसारकानं पुढे केलेल्या करारातल्या अटी तिला मान्य नव्हत्या. त्यानंतर इतर कलाकारही तयार झाले नाहीत आणि युक्रेन त्या वर्षी गेलंच नाही. यावरचा इलाज सोपा आहे, फक्त तो वेळेत केला पाहिजे. संपूर्ण करार पहिल्या फेरीच्या आधी सगळ्या स्पर्धकांकडून सही करून घ्यायचा: दौऱ्यांवरचे निर्बंध, हक्क, मुलाखती, खर्च कुणाचा, सगळं. विजेत्यासमोर रात्री बारा वाजता नवीन अटी ठेवायच्या नाहीत. आणि विजेता न गेल्यास दुसरा क्रमांक जाईल, किती तासांत होकार द्यायचा, हे नियमावलीत आधीच छापायचं. सानरेमोत नकार आला तरी गोंधळ होत नाही, कारण नकार गृहीतच धरलेला आहे.

दुसरं, पार्श्वभूमीची तपासणी. २०२२ मध्ये युक्रेनची विजेती अलिना पाश हिच्या २०१५ च्या, रशियानं ताब्यात घेतलेल्या क्राइमियातल्या प्रवासाच्या कागदपत्रांवरून वाद झाला आणि तिनं माघार घेतली. तिच्या जागी कालुश ऑर्केस्ट्रा गेला आणि ६३१ गुणांनी जिंकला. पात्रतेची प्रत्येक अट फेरीच्या आधी, मूळ कागद बघून तपासायला हवी. फेरी झाल्यावर तपासलं की ती तपासणी राहत नाही, वाद होतो.

तिसरं, गाण्याचे शब्द. २००९ मध्ये जॉर्जियाच्या गाण्यातला एक शब्दप्रयोग रशियाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांच्या नावासारखा ऐकू येत होता. ईबीयूनं बदल मागितला, प्रसारकानं नकार दिला आणि देशानं माघार घेतली. २०२१ मध्ये बेलारूसचं पहिलं गाणं नाकारलं गेलं, बदली गाणंही नियमात बसलं नाही आणि देश बाद झाला. शब्दांची शंका असेल तर निवडफेरीच्या आधीच ईबीयूला विचारावं. मार्चच्या मध्याला उत्तर आलं तर हाताशी दिवसच नसतात.

चौथं, तारखा. १ सप्टेंबरच्या आधी गाण्याचा एखादा भाग कुठे वाजला का, कार्यक्रमात गायला गेला का, दुसऱ्या देशाच्या निवडफेरीला दिला होता का, हे गीतकारांकडून लेखी घ्यावं.

पाचवं, यंत्रणा. २०२० मध्ये नॉर्वेत ऑनलाइन मतदान थेट कार्यक्रमात कोसळलं. तीस जणांची राखीव ज्युरी तयार होती म्हणून पुढच्या फेरीत कोण जाणार ते ठरवता आलं. राखीव व्यवस्था होती तरी लोक चिडले. ती नसती तर कार्यक्रमच थांबला असता. बरोबरी झाली तर काय, हेही आधी लिहून ठेवावं. कुठल्या गटाचं मत वरचढ, हे निकालाच्या रात्री ठरवणं कुणालाच पटत नाही.

मंचाचा मुद्दा थोडक्यात, पण तो विसरू नका. युरोव्हिजनमध्ये दोन गाण्यांच्या मधे मंच बदलायला सुमारे चाळीस सेकंद मिळतात आणि पहिल्या तालमीला सुमारे अर्धा तास. देशातल्या फेरीत जे सामान दोन जाहिरातींच्या वेळात रचलं गेलं, ते तिथे बसणार नाही. म्हणून निवडतानाच प्रत्येक सादरीकरण दोन रीतींनी बघावं: एकदा चित्रासह आणि एकदा डोळे मिटून, फक्त आवाज. फक्त दृश्यावर उभं असलेलं गाणं ज्युरीकडे पडतं. फक्त आवाजावर उभं असलेलं गाणं टिकतं, आणि कॅमेरा नीट लावला तर वाढतं.

शेवटचा प्रश्न: नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं काय घ्यावं? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. देशात गाणी लिहिणारी माणसं किती आहेत, वाहिनीकडे आठवडेच्या आठवडे थेट कार्यक्रम करायची ताकद आहे का, आणि नावाजलेले कलाकार स्पर्धेत उतरायला तयार आहेत का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर खुली फेरी घ्यावी. तिच्यातून दरवर्षी एकच गाणं बाहेर जातं, पण वीस-तीस नवीन गाणी, मंच रचणारी माणसं आणि पुढच्या वर्षी परत येणारे कलाकार देशातच राहतात. उत्तर ‘नाही’ असेल तर छोटी, दुबळी खुली फेरी करण्यापेक्षा स्वित्झर्लंडसारखी दोन गटांची अंतर्गत निवड शंभर पटीनं बरी. पहिल्या तीन वर्षांसाठी मी हेच सुचवेन.

तिचं वेळापत्रक साधारण असं बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गाणी मागवायची, नावं झाकून. नोव्हेंबरमध्ये ऐकून पंधरा-वीस ठेवायची. डिसेंबरमध्ये प्रत्येक कलाकाराला कॅमेऱ्यासमोर, ध्वनिमुद्रित संगीतावर, पण प्रत्यक्ष गाऊन घ्यायचं, एकाच दिवशी दोनदा. स्टुडिओत घासूनपुसून केलेल्या ध्वनिफितीवर अंतिम निर्णय घेणं ही मला माहीत असलेली सर्वांत महाग चूक आहे. जानेवारीत दोन्ही गटांना हेच चित्रण दाखवायचं आणि प्रत्येकाकडून क्रमवार पहिली दहा गाणी लिहून घ्यायची, मे महिन्यात देतात तशीच. पाचपैकी तारे वगैरे काही नको, कारण ताऱ्यांत सगळ्यांना साडेतीन मिळतात. बेरीज करताना दोन्ही गटांतलं पहिल्या-शेवटच्या गाण्याचं अंतर तपासायचं. फेब्रुवारीत करार पक्का करायचा, राखीव गाणं ठरवायचं आणि लांबी दोन मिनिटं पंचावन्न सेकंदांच्या आत आणायची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाणं लोकांसमोर आणताना ते कसं निवडलं, कुणाच्या गटात किती गुण पडले, हे सगळे आकडे त्याच दिवशी प्रसिद्ध करायचे. लोकांना मत देता आलं नाही याचा राग येतो, तो समजण्यासारखा आहे. आकडे लपवले तर तो कलाकारावर निघतो, आणि कलाकाराला त्याच महिन्यात तालमी करायच्या असतात.